सतरा एकांची संख्या

"खांबेटे सरांच्या मिशीसाठी आलोय," दारातला माणूस म्हणाला आणि त्यानं खांद्यावरचं पोतं माझ्या टेबलावर ठेवलं.

मंगळवार होता. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. बापूसाहेब इंगवले, म्हणजे आमच्या दैनिकाचे मालक आणि संपादक, जेवायला घरी गेले होते. डेस्कवर मी एकटाच होतो.

"मिशी एवढी मोठी नाहीये," मी पोत्याकडे बघत म्हणालो.

"न्यायला न्हाई आणलं ते. भरून आणलंय." त्यानं सुतळी सोडली. आतून दोनशे पानी वह्या निघाल्या. बारा. प्रत्येकीला वर्तमानपत्राचं कव्हर, आमच्याच वर्तमानपत्राचं, आणि त्यावर नंबर घातलेला. "मी भूपाल मगदूम. छोट्या लाइनीवर गेटमन आहे. दिवसाला चार गाड्या. सरांच्या संख्येला भाग गेलाय."

"कशानं?"

त्यानं बारावी वही शेवटच्या पानावर उघडली. तिथं फक्त दोन ओळी होत्या.

२०७१७२३

५३६३२२२३५७

"ह्या दोघांचा गुणाकार केला की सरांची संख्या येतीय," तो म्हणाला. "करून बघा. मी नऊदा केलाय."

मी केला नाही. मिरजेत त्या दिवशी पाणी आलं नव्हतं आणि माझ्यापुढे नगरपालिकेची बातमी अर्धवट पडली होती. पण बापूसाहेब परतले, त्यांनी बारा वह्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा दिवाळी अंकाच्या जाहिराती आल्यासारखा उजळला.

"कानडे," ते मला म्हणाले, "उद्या सकाळी यांना घेऊन खांबेट्यांकडे जा. कॅमेरा न्या. मिशी उतरतानाचा फोटो रविवारी पहिल्या पानावर."

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. ते दैनिक बंद पडलं, त्याच्या जागी सध्या मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यामुळे आता सांगायला हरकत नाही.

नरहर खांबेटे हे निवृत्त गणितशिक्षक. आमच्या रविवारच्या पुरवणीत ते 'संख्येची कुंडली' नावाचं सदर लिहायचे. दर आठवड्याला एक संख्या घ्यायची आणि तिची जात-कुळी सांगायची. सम की विषम, मूळ की संयुक्त, विपुल की न्यून. म्हणजे संख्येच्या, ती स्वतः सोडून, सगळ्या विभाजकांची बेरीज केली आणि ती संख्येपेक्षा जास्त भरली तर संख्या विपुल, कमी भरली तर न्यून, आणि नेमकी तेवढीच आली तर परिपूर्ण. सरांनी चारशे शहाण्णव ही परिपूर्ण संख्या आहे असं लिहिलं, त्या आठवड्यात तीन जण स्कूटरसाठी तोच नंबर मागायला गेले. सदर राशिभविष्याच्या शेजारी छापलं जाई, त्याचाही हा परिणाम असावा. एका वाचकानं तर आपल्या मुलीची जन्मतारीख कळवून विचारलं होतं, की ही न्यून निघाली तर काही शांत करता येते का.

सरांना या लोकांचा मनापासून तिटकारा होता आणि त्यांच्याशिवाय करमतही नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी सदरात जाहीर आव्हान दिलं होतं. सगळे एक असलेली एक लांबलचक संख्या दिली आणि खाली लिहिलं, 'ही संख्या मूळ आहे. हिला एक आणि ती स्वतः सोडून तिसरा विभाजक कोणी दाखवल्यास मी माझी मिशी उतरवीन.'

सरांची मिशी ही गावाला माहीत असलेली वस्तू होती. ती दोन्ही बाजूंनी गालांवर चढायची आणि रागावले की आधी ती हलायची, मग सर बोलायचे. त्यामुळे पत्रं आली. कुणी तीननं भाग घालवला होता, कुणी अकरानं. एकानं गणपतीच्या कृपेनं एकवीसनं घालवला होता. मी पत्रं नेऊन दिली की सर ती पाकिटासकट टोपलीत टाकायचे.

"उघडून तरी बघा," मी एकदा म्हणालो.

"उत्तर चूक आहे हे मला पाकिटावरूनच कळतं," सर म्हणाले.

त्यांच्या या निवांतपणाचा अर्थ मला त्या बुधवारी कळला.

मंगळवारी संध्याकाळी बापूसाहेबांनी मला तो जुना अंक आणि सरांच्या हातची मूळ प्रत काढून ठेवायला सांगितली. आमच्याकडे मूळ प्रती दोन वर्षं जपायची पद्धत होती, कोर्टात खेचलं तर लेखकाकडे बोट दाखवता यावं म्हणून. माळ्यावरून गठ्ठा काढला, धूळ झटकली, कागद सापडला. सरांचं अक्षर टपोरं. संख्या अशी होती:

१११११११११११११११११११

आणि तिच्यापुढे शब्दांत, 'एकोणीस वेळा एक'. त्या शब्दांवर निळ्या पेन्सिलीची काट होती. संख्येतल्या शेवटच्या दोन एकांवरही काट होती. निळी पेन्सिल माझी.

मग सगळं आठवलं. मी तेव्हा नोकरीला लागून दोन महिने झाले होते. आमचा जुळारी दस्तगीर खिळ्यांच्या खणांपुढे उभा होता. जुळारी म्हणजे एकेक अक्षराचा खिळा वेचून ओळ लावणारा.

"साहेब, सतराच बसतात," तो म्हणाला होता. "स्तंभ संपतो. पुढं मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात हाय."

"टाइप बारीक कर."

"सर ओरडतात. त्यांना चौदा पॉइंटच पायजे."

मी कागद पाहिला. एक, एक, एक, एक. सगळे सारखे. "मग दोन काढ," मी म्हणालो. "एकच तर आहेत." आणि 'एकोणीस वेळा एक' हे शब्दही काढले, कारण एक गोष्ट दोनदा सांगायची नाही हा डेस्कचा पहिला नियम, आणि तो मी नुकताच शिकलो होतो. अंक निघाला. सरांनी फक्त मलमाच्या जाहिरातीबद्दल तक्रार केली. स्वतःच्या लेखातले एक कोण मोजतो?

आता मुद्दा असा होता, की मी सोळा महिन्यांनंतरही तात्पुरताच होतो. एका शोकसभेची बातमी मी पूर्वी अशी कापली होती, की त्यात सभेचे अध्यक्षच वारले. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी चालत कचेरीत आले. तेव्हा बापूसाहेब म्हणाले होते, "आणखी एक शुद्धिपत्र छापावं लागलं, की ते तुमच्या घरी पोस्टानं पाठवीन. तुम्ही इथं नसाल." एक तारखेला मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. तो दिवस अठ्ठावीस तारखेच्या आसपासचा होता.

मी तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. सरांना खरं सांगितलं तर त्यांची मिशी वाचत होती आणि माझी नोकरी जात होती. न सांगितलं तर उलट. मला मिशी परत उगवते हे माहीत होतं. मी त्यावर बराच विचार केला.

बुधवारी सकाळी ब्राह्मणपुरीत सरांच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं बसलो. पोतं मध्ये. मगदूमनं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला होता.

"मगदूम," सर म्हणाले. "एकसष्टची तुकडी. खिडकीपाशी बसायचास."

"होय सर."

"गणितात गेला होतास."

"दोनदा," मगदूम म्हणाला. तक्रार नव्हती, माहिती होती.

"आणि आता गेटवर बसून भागाकार करतोस. गाड्यांचं काय होतं?"

"गाडीचा फोन आला की वही बंद, सर. गेट पडल्याशिवाय वही उघडली न्हाई कधी. दोन गाड्यांच्या मधी चार तास असतात. शेजारी नुसती लिंबाची झाडं हायत. किती मोजणार?"

सरांनी शेवटचं पान पाहिलं. मिशी हलली, पण रागानं नव्हे. ते हसत होते.

"बाळ, हे होणारच नाही," ते म्हणाले. "वरचा आकडा सात अंकी. खालचा दहा अंकी. गुणाकार सतरा अंकांच्या पुढं जाऊच शकत नाही. इथंच संपलं. पण तू चौदा महिने घासलं आहेस, तर कुठं चुकलास ते दाखवतो."

माझा हात खिशाकडे गेला. "सर, एक मिनिट, मला जरा—"

"कानडे, गुणाकाराच्या वेळी बोलायचं नाही."

आतून काकूंचा आवाज आला. "जाऊ दे हो मिशी. चहा तिच्यातून गाळून पिता रोज."

सरांनी कागद घेतला आणि गुणाकार मांडला. तीन साते एकवीस, एक लिहिला, हातचे दोन. कॅल्क्युलेटर त्यांच्या घरात नव्हता. शून्याची ओळ सोडली तर सहा ओळी झाल्या, पायऱ्यांसारख्या सरकत गेलेल्या. मग खाली रेघ, मग बेरीज, उजवीकडून.

एक.

दुसऱ्या घरात एक. तिसऱ्या घरात एक. चौथ्या घरात बेरीज मोठी झाली, हातचे वर गेले, खाली उरला एक. सरांचा पेन्सिलीचा वेग कमी झाला. दहाव्या एकाला त्यांनी हसणं थांबवलं. चौदाव्याला पहिल्या घरापासून परत पडताळून आले. मगदूम त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ओठ हलवत होता. त्याला सगळे हातचे पाठ होते.

सतराव्या एकानंतर आकडे संपले.

"बरोबर आहे," सर अगदी हळू म्हणाले. "पण ही माझी संख्या..." ते थांबले. "कात्रण आहे का तुझ्याकडं?"

मगदूमनं पहिली वही उघडली. पहिल्या पानावर आमचं कात्रण खळीनं चिकटवलेलं होतं, मलमाच्या जाहिरातीच्या अर्ध्या भागासकट. सरांनी पेन्सिलीचं टोक एकेका एकावर ठेवत मोजले. मग परत मोजले, उलट बाजूनं. मग त्यांनी डोकं वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

चाळीस वर्षं वर्गात कॉपी पकडलेला माणूस होता तो. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मी खिशातून कागद अर्धा वर काढला.

"कानडे, थांबा," सर म्हणाले. मग मगदूमकडे वळले. "तू भाग घालवायला सुरुवात कुठून केलीस? सगळ्या मूळ संख्यांनी घालवत बसला असतास तर अजून कित्येक वर्षं गेली असती."

मगदूम पहिल्यांदा नीट खुर्चीत बसला. "सर, पाच एकांची संख्या घेतली. तिचे भाजक एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. दोन्हींतनं एक काढला, चाळीस आणि दोनशे सत्तर. दोन्ही पाचच्या पाढ्यात. मग सात एक घेतले. दोनशे एकोणचाळीस निघाले. एक काढला, सातच्या पाढ्यात. म्हटलं, सतराचंबी तसंच असणार. मग भाजक विषम पायजे, म्हणून चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत गेलो. तीननं, पाचनं, सातनं जाणारे आधीच गाळले. रोज साठ-सत्तर भागाकार. मेव्हण्याच्या दुकानातलं बारा आकडी कॅल्क्युलेटर आणलं होतं. त्यानं आता नवीन घेतलंय."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. तसं दिसलं."

सर वह्यांकडे वळले. त्यांनी पाचवी वही उचलली, मधलं पान काढलं, एक भागाकार निवडला आणि मनात केला. मग नववी वही. तिथंही एक.

"आणि मूळ असती तर?" ते म्हणाले. "जन्मभर भागाकार करत बसला असतास. भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण मी आधी एक मोजले ना, सर." मगदूम हसला. "एकसष्ट साली तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. एकोणीस एकांची संख्या मूळ हाय, परदेशात चाळीस वर्षांखालीच कुणीतरी सिद्ध केलंय. मला तेवढंच ध्यानात राहिलेलं. म्हणून पेपर आला तसे आधी मोजले. म्हटलं, एकोणीस असतील तर सर लोकांची गंमत करतायत, सोडून द्यायचं. पण सतरा निघाले. म्हटलं, न्हाई. सरांनी खरं कोडं दिलंय. हरायची तयारी ठेवून मिशी लावलीय. मग आपण बी प्रामाणिकपणे करायचं."

 मी सरांकडे बघायचं टाळलं आणि कॅमेऱ्याची पट्टी नीट करत बसलो, जी नीटच होती.

"तुला काय हवंय?" शेवटी सरांनी विचारलं. "मिशी तर उतरतेच आहे."

"मिशीचं काय करू सर मी?" मगदूमनं शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "इथं तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करा."

हे बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण खांबेटे सरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या वहीत बरोबरची खूण केली नव्हती. चुकलं तर फुली, बरोबर असेल तर कोरं. बरोबर असायलाच हवं, त्याला खूण कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे पहिल्या आलेल्या मुलांच्या वह्याही कोऱ्याच घरी गेल्या होत्या.

सरांनी टेबलाच्या खणातून तांबडी पेन्सिल काढली. टोक केलं. पानावर खूण केली. सवय नसल्यामुळे ती वाकडी आली, कोयत्यासारखी. त्यांनी ती पाहिली, नापसंत केली, आणि तिच्याशेजारी दुसरी, जरा बरी केली.

मगदूमनं वही मिटली नाही. उघडीच मांडीवर धरून बसला, शाई वाळायची असल्यासारखी.

श्रीपतीचं सलून बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. आम्ही तिघं चालत गेलो. सर मध्ये. वाटेत दोघांनी नमस्कार केला, तो बहुतेक मिशीलाच. श्रीपतीनं दोनदा विचारलं, "सगळी?" सर म्हणाले, "सगळी." श्रीपतीनं साबण फेसला, पात्याला धार लावली, आणि फेस पुसायला कागद शोधू लागला. त्याच्याकडचे कालचे पेपर संपले होते.

मगदूम बाहेर पोतं सांभाळत उभा होता. सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कानडे, मघाशी खिशातून काहीतरी काढत होतात. आता काढा."

मी कागद दिला. सरांनी घडी उघडली. स्वतःचं अक्षर पाहिलं, निळ्या काटा पाहिल्या.

"सर, माझी चूक आहे," मी म्हणालो. "संख्या एकोणीसची होती. तुमचंच बरोबर होतं. मी आत्ता बापूसाहेबांना सांगतो. शुद्धिपत्र छापू."

"माझं बरोबर होतं हे मला लिहितानाच ठाऊक होतं," सर म्हणाले. "म्हणूनच तर मिशी लावली. हरायची भीती नाही अशी पैज." त्यांनी कागद श्रीपतीच्या हातात दिला. "मी गंमत केली, तुम्ही घाई केली. काम केलं ते एकट्यानं. छापाल शुद्धिपत्र, तर त्या माणसाला काय वाचायला मिळेल ते एकदा मनात वाचून बघा."

मी वाचून पाहिलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला.

श्रीपतीनं पातं ओढलं, फेसासकट अर्धी मिशी निघाली, आणि त्यानं ती 'एकोणीस वेळा एक' या शब्दांवर पुसली. दुसरी अर्धी संख्येवर. कागदाचा बोळा झाला आणि खालच्या डब्यात गेला. आरशात एक अनोळखी म्हातारा होता. त्याचा वरचा ओठ फारच लहान होता.

"बरा दिसतोय का?" त्यानं विचारलं.

"नाही," श्रीपती म्हणाला.

शनिवारी दुपारी बातमी लावायला घेतली. बापूसाहेब खूश होते, फोटो तीन स्तंभी होता, मथळा होता 'चौदा महिने, बारा वह्या, एक मिशी'. मी कायम होणार असल्याचं त्यांनी जाता जाता सांगितलं, खिडकी लावून घ्या म्हणावं तसं. संख्या या वेळी दोन स्तंभांत बसवायची होती. दस्तगीर एकेक एक वेचून स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, लावत होता. सतरावा लावून तो थांबला.

"साहेब, आज जागा उरतीय," तो म्हणाला. "दोन एक वाढवू का? कोण मोजतंय?"

"गेटवर एक जण मोजतो," मी म्हणालो, आणि थंडगार खिळ्यांवर बोट ठेवून उजवीकडून मोजायला लागलो.